कवीचा रकाना

लहानपणी गाणं माझ्यापर्यंत यायचं ते तीन नावांसकट. आकाशवाणीवर गायक, संगीतकार आणि गीतकार सांगून झाले की मगच सूर लागायचा. वडीलही कॅसेटच्या कार्डावर ही तिन्ही नावं बारीक अक्षरात लिहीत.

पुढे बोटाएवढा एमपी3 प्लेअर आला. कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि गाण्यांची माहिती भरायला बसलो, तर रकाने परकेच! 1996 सालचा आयडी3 टॅग म्हणजे फाइलच्या शेपटीला जोडलेले 128 बाइट. त्यात गाण्याला 30 अक्षरं, कलाकाराला 30, मग अल्बम, साल, शेरा, प्रकार. प्रकारांच्या यादीत पोल्का होता. भावगीत, अभंग, नाट्यगीत नव्हतं. कवीचं तर नावच नाही. नंतरच्या आवृत्तीत गीतकाराची सोय झाली म्हणे, पण माझ्या प्लेअरच्या पडद्यावर तो कधी उगवला नाही.

खरा घोळ घातला ‘गीतरामायणा’नं. 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली ही 56 गीतं. सुधीर फडक्यांनी पुढे सगळी स्वतः गायली, तो संच एका नावाखाली शहाण्यासारखा बसला. मूळ नभोवाणीवर मात्र पात्रागणिक गळा वेगळा. त्यातली माझ्याकडची गीतं माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशी घरोघर पांगली. शिवाय प्लेअर 1 नंतर 10 वाजवायचा, 19 झाल्यावर 2. त्यामुळे रामाचं लग्न आधी, जन्म मागून. प्रत्येक एकेरी आकड्याआधी शून्य लावलं तेव्हा कुठे अयोध्या मार्गी लागली.

अभंगांना साल काय घालायचं? तुकोबांचं की ध्वनिमुद्रिकेचं? मी तो रकाना रिकामाच ठेवला. भीमसेनांचं ‘इंद्रायणी काठी’ मात्र अभंगांच्या फोल्डरमधून बाहेर काढलं. ते संतांचं नव्हे, गदिमांचं. ‘गुळाचा गणपती’ या 1953 च्या चित्रपटातलं, चाल पुलंची. कितीतरी जण आजही ते संतवाणीतच धरतात. कवीचं नाव खोडलं की असंच व्हायचं. कलाकाराच्या रकान्यात भीमसेन जोशी होतेच. त्यांच्यापुढे स्वल्पविराम देऊन मी ग. दि. माडगूळकर लिहिलं. प्लेअरला ते दोघे मिळून गाताहेत असं वाटतं. वाटू दे.