एका घराची मशीद

मागच्या मे महिन्यात आम्ही तिघे हिवरे बाजारला जाऊन आलो. मी, हे आणि आमच्या मोठ्या भाभी. भाभी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या त्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते. निवडून आल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस गटार, नळ आणि दिवा या तीनच गोष्टी मागायचा. भाभींच्या मनात मात्र चौथीच गोष्ट सलत होती.

आमच्या मोहल्ल्यातून हायस्कूलकडे जाणाऱ्या जवळच्या वाटेवर गावठी दारूचा गुत्ता आहे. संध्याकाळचा जादा तास सुटला की मुली त्या वाटेने येत नाहीत. स्टँडला वळसा घालून, चौघी-पाचजणी मिळून येतात. माझी नववीतली मुलगीही त्यातलीच. लोक भाभींना म्हणत, "कॅमेरे बसवा." कोणी म्हणे, "पोलिसांना कळवा." पोलीस दोनदा येऊन गेले. आठ दिवस गुत्ता बंद राहिला आणि नवव्या दिवशी पुन्हा सुरू झाला. खरी अडचण वेगळीच होती. गुत्ता चालवणारी बाई आमच्याच मोहल्ल्यातली, विधवा, तीन लेकरांची आई. भाभींना मत देणाऱ्यांपैकी एक.

"एकदा हिवरे बाजार बघून येऊ," हे म्हणाले. तिथल्या सरपंचांनी गावातले दारूचे गुत्ते बंद करवल्याचे त्यांनी वाचले होते.

पहाटेच्या एसटीने नगर गाठले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण कंडक्टरच्या तोंडी अजून 'नगर'च आहे. तिथून हिवरे बाजार सतरा-एक किलोमीटर. रिक्षा ठरवून निघालो. मे महिना असल्यामुळे दोन्हीकडची शिवारे करपलेली. गाव जवळ आले तशी डोंगरावर झाडी दिसू लागली. उतारावर ओळीने खोदलेले समतल चर रिक्षातूनही ओळखू येत होते. या भागात वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. तो वाहून जाऊ नये म्हणून हे चर गावकऱ्यांनी श्रमदानाने खोदले आहेत.

हे गाव पूर्वी असे नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने ते मोडून गेले. विहिरी आटल्या, माणसे कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे गेली. जे मागे राहिले त्यांच्यात दारू आणि भांडणे वाढली. गावात दारूचे २२ गुत्ते झाले. सरकारी नोकराची इथे बदली झाली तर ती शिक्षा समजली जाई. १९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंचपदासाठी गळ घातली. ते एम. कॉम. झालेले होते आणि उत्तम क्रिकेट खेळत. गावाने त्यांना बिनविरोध निवडून दिले.

त्यांनी पाण्याचे काम केले हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव होते, तेही याच कामामुळे. पण भाभींना पाण्याआधी दारूचे जाणून घ्यायचे होते. ते २२ गुत्ते गावच्याच माणसांचे होते. नुसते कुलूप लावले असते तर तीच दारू दुसऱ्या झोपडीत विकली गेली असती. ग्रामसभेने दारूबंदी ठरवली आणि त्याचबरोबर गरीब घरांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यात दारूच्या धंद्यातून बाहेर पडलेली घरेही होती.

भाभी हे ऐकून गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, "म्हणजे आपण अर्धेच काम करत होतो."

गावाची पंचसूत्री प्रसिद्ध आहे : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. पुढे शेतीसाठी बोअरवेल खोदायलाही बंदी आली. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके गावाने सोडून दिली. पावसाचे मोजमाप होते आणि यंदा कोणती पिके घ्यायची ते त्या हिशेबाने ग्रामसभेत ठरते. लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी करण्याचा नियमही गावाने स्वतःला घालून घेतला. प्रत्येक नियमात कोणाला ना कोणाला काहीतरी सोडावे लागले आहे. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याने डोंगर सोडला, बागायतदाराने ऊस सोडला. सगळ्यांनी थोडे थोडे सोडले म्हणून एकट्यावर अन्याय झाल्याची भावना राहिली नाही, असे मला वाटले.

सगळेच तिथे गोडीगुलाबीने चालते असेही नाही. तीस वर्षांनंतर, २०२१ च्या जानेवारीत, तिथे ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले, कारण विरोधी उमेदवार उभे राहिले. पोपटरावांचे पॅनेल निवडून आले. मला यात काही वाईट दिसले नाही. ज्याने तीस वर्षे काम केले, त्यालाही लोकांपुढे पुन्हा उभे राहावे लागले. हे बरेच झाले.

ग्रामसंसदेची इमारत बाहेरून पाहिली, स्वच्छ रस्त्यांवरून फिरलो. मग आम्ही आलो मशिदीपाशी. वाचकहो, या गावात मुसलमानांचे एकच घर आहे. त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधून दिली आहे.

हे मी आधी ऐकले होते, पण त्या मशिदीसमोर उभे राहून वाटले ते वेगळेच. एका घराची मते किती असणार? चार, पाच. निवडणुकीच्या गणितात त्या घराला काही किंमत नाही. त्यांनी नगरला जाऊन जुमा पढला असता तर कोणी काही बोलले नसते. तरीही गावाला वाटले की या घरालाही आपल्या गावात सजदा करायला जागा असावी. शेजाऱ्याचा हक्क म्हणजे काय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे तो दुसऱ्या धर्माच्या माणसांनी पाळलेला दिसला.

यांनी तिथे जुहरची नमाज अदा केली. मी आणि भाभी बाहेर सावलीत बसलो. भाभी म्हणाल्या, "आपल्या गावात आपण तीनशे घरे आहोत आणि मोहल्ल्याच्या पलीकडे चार घरे वडारांची आहेत. त्यांच्या दारात दिवा नाही. मी निवडून आल्यापासून एकदाही तिकडे गेले नाही." मला काय बोलावे सुचेना. मीही कधी गेले नव्हते.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी भाभी आधी वडारांच्या घरी गेल्या आणि मग त्या विधवा बाईकडे. मी सोबत होते. बाई आधी दारातच उभी राहिली. "पोलीस आणलेत का?" तिने विचारले. भाभी म्हणाल्या, "नाही, चहा प्यायला आलोय." तासभर बसलो. तिला स्वयंपाक चांगला येतो. हायस्कूलच्या बाहेरगावच्या शिक्षकांना डबे हवे असतात. पण भांडी, गॅस आणि पहिल्या महिन्याचा किराणा यांसाठी पैसे हवेत. आमच्या बचत गटाने तिला कर्ज द्यायचे कबूल केले. दोघींनी नकार दिला होता. त्यांची समजूत घालायला भाभींना तीन संध्याकाळी लागल्या.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे पुष्कळ बहिणींना माहीत नसते. आमच्या गावात ती कागदावरच होत असे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेआधी ती पहिल्यांदा खरोखर भरली. आमच्या मोहल्ल्यातल्या एकवीस आणि वडारांच्या घरातल्या तीन बाया आल्या. गुत्त्याचा आणि त्या चार घरांच्या दिव्याचा, असे दोन ठराव झाले.

दिवा लागला आहे. बाई सहा डबे देते आणि तिचा गुत्ता बंद आहे. पण स्टँडमागे दुसरा एक सुरू झाल्याचे कानावर आले आहे, म्हणून मुली अजून चौघी-पाचजणी मिळूनच येतात. फरक एवढाच की आता त्या जवळच्या वाटेने येतात आणि मोहल्ल्यातल्या दोन बाया पाळीपाळीने कोपऱ्यावर उभ्या असतात. मंगळवारी माझी पाळी असते.