लाईट गेली? जाऊ दे ना!

मोबाइलची बॅटरी १० टक्क्यांवर आली की आपला जीव कसा वरखाली होतो, नाही? सोसायटीत पाच मिनिटं लाईट गेली तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर अख्खी बिल्डिंग जागी होते. याच जमातीतला एक प्राणी, म्हणजे माझा इंजिनीअरिंगचा रूममेट, सॉलिड पॅकेजची नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी थेट गडचिरोलीत जाऊन बसला. धानोरा तालुक्यात, जंगलाला खेटून, त्यानं बांबूचं वर्कशॉप टाकलंय. गावातल्या नऊ बायका आणि दोन पोरं तिथं काम करतात. आणि या वर्कशॉपला विजेचं कनेक्शनच नाही! तार गावापर्यंत येते, शेड गावाबाहेर बोडीच्या काठावर आहे. शिवाय पावसाळ्यात एक झाड आडवं झालं की त्या तारेचाही भरवसा नाही.

मे महिन्यात मी त्याला भेटायला निघालो. (मे महिन्यात विदर्भात कोण जातं? मी!) नागपूरहून वरोरा, चंद्रपूर, मूल, गडचिरोली, धानोरा असा रूट. चंद्रपुरात पारा ४७ च्या आसपास, आणि शहरालगत महाऔष्णिक वीज केंद्राच्या त्या अवाढव्य चिमण्या. क्षमता २९२० मेगावॅट. इथली वीज राज्यभर जाते, तुमच्या-माझ्या एसीपर्यंत. आणि तिथून काही तासांच्या अंतरावर माझा दोस्त दोन एचपीची मोटर कशी चालवायची याचं गणित वहीत मांडत बसलेला! गंमत म्हणजे कोळशाच्या या राक्षसालाही तहान लागते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं, तेव्हा इथले संच बंद ठेवायची वेळ आली होती. वीज आणि पाणी हे या भागात वेगवेगळे प्रश्न नाहीतच.

वाटेत आनंदवनात थांबलो. बाबा आमटे १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये घेऊन या खडकाळ जमिनीवर आले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ज्याकडे आपलं लक्ष जात नाही ते हे, की पहिलं मोठं काम होतं विहीर खणणं. आधी पाणी, मग शेती, मग हातमाग, सुतारकाम, पत्र्याच्या वस्तू. म्हणजे वर्कशॉप सगळ्यात शेवटी. पुढे भामरागडजवळ हेमलकशाला बाबा आमटेंनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचं काम प्रकाश आणि मंदाकिनी आमटेंनी हाती घेतलं, तेव्हा तिथं वीज येणार कधी हे विचारण्यातही अर्थ नव्हता. वर्षानुवर्षं कंदिलाच्या उजेडात पेशंट तपासले त्यांनी. त्यापुढे आपल्या सोसायटीचा जनरेटर... जाऊ दे.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं हजार चौरस फुटांचं शेड. आत बांबू कापायचं एक यंत्र, एक एचपीचं. दुसरं उभा बांबू फाडायचं, दोन एचपीचं. बाकी ड्रिल, पंखे, दिवे. छतावर तीन किलोवॅटची सोलर पॅनेल्स. चांगल्या उन्हाच्या दिवशी बारा युनिट वीज मिळते. मला वाटलं, ४७ डिग्री म्हणजे सूर्याची लॉटरीच! दोस्त हसला. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको. भर दुपारी त्याची काच ६५-७० डिग्रीला जाते आणि उत्पादन १५ टक्क्यांच्या आसपास घसरतं. म्हणून पॅनेल्स पत्र्याला चिकटवलेली नाहीत, खालून वारा खेळेल अशी वर उचललेली आहेत. यंत्रं चालतात सकाळी नऊ ते एक. मग दुपारची सुट्टी. साहेबांचा ऑफिस टायमिंगचा फंडा सूर्याशी जुळवलेला!

खरी गोची मोटर सुरू होताना होते. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. साधा इन्व्हर्टर तिथंच मान टाकतो. उपाय म्हणजे मोटरला हळूहळू वेग देणारा ड्राइव्ह, आणि भिंतीवर खडूनं लिहिलेला कडक नियम: दोन यंत्रं एकदम सुरू करायची नाहीत. बॅटरी लिथियमची, पण छोटी, पाच युनिटांची. मोठी घेतली असती तर सगळी बचत त्यातच गेली असती. आणि अर्थिंगवर मात्र त्यानं हात आखडता घेतला नाही. पूर्व विदर्भात विजा पडतात त्या पेपरातल्या बातमीसारख्या नाही, शेजारच्या शेतात पडतात.

पाण्याचं गणित मला जास्त आवडलं. विहिरीत पाणी दहा मीटरवर आहे. तिथून हजार लिटर पाणी वर चढवायला पंपाची सगळी नासधूस धरूनही युनिटचा दहावा हिस्सा पुरतो. म्हणजे पाणी उचलणं स्वस्तच. ऊन असताना सोलर पंपानं टाकी भरायची, रात्री नळ सोडायचा. पंपापुरती बॅटरी लागतच नाही, टाकी हीच बॅटरी. अवघड आहे ते विहिरीत पाणी टिकवणं. इथं जुने मालगुजारी तलाव आहेत, शेताशेतात बोड्या आहेत. कधीकाळी इंजिनीअरिंगची डिग्री नसलेल्या माणसांनी बांधलेल्या. जिथं गाळ काढला जातो तिथं विहिरींना पाणी राहतं. दोस्तानं पहिल्या वर्षी यंत्र घेण्याआधी गावाबरोबर बोडीतला गाळ काढला. छताचं पाणीही तो साठवतो. हजार फुटांच्या छतावर इथल्या तेराशे मिलिमीटर पावसात लाखभर लिटर पाणी पडतं. सगळं कुठलं साठवणार? दहा हजारांची टाकी, उरलेलं गाळून विहिरीत.

बांबूला एवढं पाणी कशाला? कच्च्या बांबूला भुंगा लागतो, सहा महिन्यांत पीठ. तो बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवावा लागतो. ते पाणी फेकायचं नाही, बोडीत तर मुळीच सोडायचं नाही. तेच पुन्हा वापरायचं.

आणि बांबू येतो कुठून? याच रस्त्यावर मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये त्या ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तिथं ग्रामसभेच्या हाती दिलं. त्याआधी जंगलात राहणाऱ्यांना बांबू म्हणजे गुन्हा, आणि कागद कारखान्याला कच्चा माल! आता इथली गावं तो स्वतः विकतात. पण कच्चा बांबू विकून जे मिळतं आणि त्याचीच वस्तू करून जे मिळतं, यात फरक आहे. दोस्ताचा सगळा डाव त्या फरकावर आहे.

डाव अडतो तो जुलैत. कारण सगळ्यात मोठी ऑर्डर असते राख्यांची! राखीपौर्णिमा श्रावणात, आणि राख्या कराव्या लागतात आषाढात, जेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि बारा युनिटांची तीन-चार होतात. बायकांना नगावर पैसे मिळतात. यंत्र बंद, तर मजुरी बंद. पहिल्या पावसाळ्यात त्यानं भाड्यानं डिझेल जनरेटर आणला, आणि राखीचा सगळा नफा डिझेलनं प्यायला. मार्ग काढला तो तिथल्याच एका मावशीनं. ती म्हणाली, ‘‘भाऊ, धान आमी पावसाळ्यात काहाडतो का जी? आधीच भरून ठेवतो ना. मंग कमच्या काहून नाही?’’

सिंपल! आता फेब्रुवारी ते मे बांबू कापायचा, फाडायचा, प्रक्रिया करायची, वाळवायचा. जूनपूर्वी कमच्यांचे गठ्ठे माळ्यावर. पावसाळ्यात फक्त हातकाम: चार दिवे, दोन ड्रिल. एवढं ढगाळ दिवशीही भागतं. मी गेलो तेव्हा माळा निम्मा भरला होता, आणि पाऊस यायला जेमतेम महिना. रोज किती गठ्ठे झाले ते फळ्यावर लिहिलं जात होतं. हवे होते सहाशे, झाले होते ३४०. मावशींचं लक्ष माझ्या कॅमेऱ्याकडे नव्हतं, त्या फळ्याकडे होतं.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. नागपूरहून वरोरा साधारण १०० किलोमीटर. आनंदवन बघायला अर्धा दिवस ठेवा. हेमलकसा मात्र वेगळ्या दिशेला, चंद्रपूर-आलापल्लीमार्गे, आणि मुक्काम आधी कळवूनच. जंगलातले रस्ते उजेडातच संपवा. खेड्यात गेलात तर आधी ग्रामसभेच्या कुणाला तरी भेटा, मगच फोटो काढा. आणि गाडीची डिकी रिकामी ठेवा. टोपल्या एकात एक बसतात, पण बांबूचा दिवा बसत नाही, तो मी नागपूरपर्यंत मांडीवर घेऊन आलो.