नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत नाव ठेवणे निराळे आणि नावे ठेवणे निराळे. फरक काय तो एका मात्रेचा. पण या मात्रेचे माहात्म्य मला कळले ते व्याकरणात नव्हे, तर पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणाऱ्या एका प्राण्यापाशी.

कॅनडातल्या माउंट स्टीफन पर्वतावरच्या दगडांत शेपटासारखे वळलेले, पेरापेरांचे ठसे सापडले होते. बिनडोक्याची कोळंबी समजून व्हाइटीव्ह्ज यांनी १८९२ साली तिचे नाव ठेवले अ‍ॅनोमॅलोकॅरिस, म्हणजे विचित्र कोळंबी. १९११ साली वॉलकॉट यांनी जवळच्याच बर्जेस खडकांतली, मध्ये भोक असलेली एक चकती जेलीफिश ठरवली, नाव पेटोइया. आणखी एक लांबट, पुसट ठसा समुद्रकाकडी ठरला, नाव लॅगॅनिया. तीन पाळणे, तीन बारशी!

पुढे केंब्रिजच्या व्हिटिंग्टन यांनी एका ठशावरचा दगड कणाकणाने उडवला, तर खालून धडाला चिकटलेली ‘कोळंबी’च निघाली. १९८५ साली त्यांनी आणि ब्रिग्ज यांनी सांगितले, की कोळंबी हा भक्ष्य पकडायचा हात, जेलीफिश हे तोंड आणि समुद्रकाकडी हे धड.

तुम्हांला आंधळे आणि हत्ती आठवले असतील. पण त्या गोष्टीत हत्ती समोर उभा असतो आणि सांगणारा डोळस असतो. इथे डोळस कोणीच नव्हते. परीक्षेच्या दिवसांत प्राध्यापकांच्या खोलीत विद्यार्थ्यांच्या चुका मोठ्याने वाचून हसण्याची प्रथा आहे. वॉलकॉटना हसणारे भेटले की मला तीच खोली आठवते आणि चहा कडू लागतो.

१९९६ साली कॉलिन्स यांनी या गणाला रेडिओडोंटा म्हटले. तरी पेच उरलाच. हाताला सांधे आहेत, अंगाखाली मात्र सांध्यांचे पाय नाहीत. दोन्ही कुशींना वल्ह्यांसारखे पाखे. म्हणून खेकडे, विंचू, फुलपाखरे यांच्या संधिपाद घराण्यात त्यांना घेतात ते उंबरठ्यापर्यंतच. कोळंबी नसूनही नाव कोळंबीचेच राहिले. पहिले नाव मोडायचे नाही, असा शास्त्राचा दंडक.

आणि ती चकती? २०१२ साली दिसून आले, की अ‍ॅनोमॅलोकॅरिसचे तोंड निराळेच होते. चकती त्याच्या एका भाऊबंदाची. त्या भाऊबंदाला पेटोइया हे नाव परत मिळाले. वॉलकॉट १९२७ सालीच वारले होते.