वाळूच्या पोटातलं पाणी

हेगमध्ये राहणाऱ्या शिरूरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप असणारच. पण सुटीच्या दिवशी स्खेवेनिंगनच्या बंदरापासून दक्षिणेला चालायला लागलं, की माझं लक्ष वाळूकडेच जास्त जातं. उजव्या हाताला करडा उत्तर समुद्र, डाव्या हाताला वाळूच्या टेकड्या, आणि पुढे केइकदाउनपर्यंत सरळ पुळण. टेकड्यांवर हेल्म नावाचं चिवट गवत असतं. अंगावर वाळू साचली की ते तिच्यातून वर निघतं, आणखी वाळू अडवतं, तशी टेकडीही वाढते. कितीतरी ठिकाणी ते मुद्दाम लावलंय. म्हणून लोक आखलेल्या वाटेनेच चालतात.

किनाऱ्यावरच्या अशाच वाळूवर शहराची तहान भागते. १८७४ पासून हेगला टेकड्यांमधलं पाणी मिळतं. पुढे उपसा वाढला, गोडं पाणी पुरेना. मग १९५५ पासून नदीचं पाणी मोठ्या नळांनी आणून टेकड्यांमधल्या तळ्यांत सोडू लागले. आता ते मुख्यतः मास नदीचं असतं. वाळूतून झिरपायला त्याला सुमारे दोन महिने लागतात, मग ते पुन्हा उपसून घरोघरी जातं.

मला हे कळलं तेव्हा गावाकडच्या घोडनदीतला झिराच आठवला. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की बायका वाळू उकरायच्या. आधी गढूळ पाणी यायचं. ते उपसून टाकलं की मागून नितळ पाझरायचं, आणि वाटीवाटीने हंडा भरायचा.

केइकदाउनच्या पुढे २०११ मध्ये सरकारने समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्याला लावली : २ कोटी १५ लाख घनमीटर, आपल्या हिशेबात जवळजवळ ७६ लाख ब्रास! लाटा आणि वारा ती पसरवतात आणि किनारा भरत राहतो. वाळू खेचणाऱ्या बोटी आपल्या भीमेतही आहेत. फक्त तिथली वाळू ट्रकमधून कायमची निघून जाते. दौंडकडे महसूल खातं त्या बोटी जिलेटिनने उडवतं, आणि काही दिवसांत दुसऱ्या येतात. पात्र खरवडलं गेलं की पाणी धरायला काही उरत नाही, काठच्या विहिरींची पातळी उतरते.

फोनवर दादा म्हणतो, "अरे, गावातल्या पोरांना रोजगार मिळतो, घरं बांधायलाही वाळू लागतेच." पोरांच्या रोजगाराचं त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. ती पोरं आमच्याच आळीतली आहेत. पण घरांचं कारण मी मानत नाही. पुण्यात बांधकामाला आता दगड फोडून केलेली वाळू सर्रास वापरतात. नदीच्या वाळूचा विषय ग्रामसभेत नुसता लिलावापुरता निघू नये, विहिरींच्या पातळीसकट निघावा, असं मी दादाला सांगितलंय. पुढच्या सभेला तो बोलणार आहे.