मेणबत्तीचा उजेड, फ्लॅशमधून

फ्लॅशने मेणबत्तीचा उजेड आणायचा म्हटलं की सगळे आधी रंगाच्या मागे लागतात. केशरी जेल लावलं की झालं काम! खरं तर रंगाचं गणित सगळ्यात सोपं. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा, मेणबत्ती १९०० च्या आसपास. एक फुल सीटीओ जेल फ्लॅशला ३००० च्या घरात आणतं, दोन एकावर एक लावली तर २००० पर्यंत. पण दोन लावून व्हाइट बॅलन्स डेलाइटला ठेवला तर माणसाचं संत्रं होतं. मेणबत्तीपाशी बसल्यावर आपले डोळे त्या पिवळेपणाला सरावतात, एवढा केशरी चेहरा प्रत्यक्षात कुणी पाहिलेलाच नसतो. मी एकच जेल लावतो आणि कॅमेरा ४००० केल्विनवर ठेवतो. असो.

खरी गोम आहे अंतरात. शाळेतला तो व्यस्त वर्गाचा नियम आठवा (हो, तोच, मार्कांपुरता पाठ केलेला). मेणबत्ती गालापासून ३० सेंटिमीटरवर, पलीकडचा कान ४५ वर. म्हणजे कानाला गालाच्या निम्म्याहूनही कमी उजेड. मागची भिंत ज्योतीपासून दीड मीटरवर, तिच्या वाट्याला पंचविसावा हिस्सा. आता मेणबत्तीच्या जागी दीड मीटरवर स्टँड लावून फ्लॅश मारा. गाल आणि कान जवळपास सारखे उजळतात, आणि भिंतीलाही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिळतं. असा फोटो मेणबत्तीचा न वाटता रस्त्यावरच्या सोडियमच्या दिव्याचा वाटतो.

मग खरी मेणबत्तीच का नाही वापरायची? कुब्रिकने 'बॅरी लिंडन'साठी (१९७५) वापरली की! पण त्याच्याकडे नासासाठी बनवलेली झाइसची एफ ०.७ लेन्स होती, आणि नट फार हलले तर फोकस जायचा. माझ्याकडे एफ २.८ ची लेन्स आहे आणि आजी आहे. आयएसओ ६४०० वरही शटर १/३० च्या आसपासच राहतं. आजीची मान आणि हात गेली काही वर्षं सारखे थरथरतात. लग्नाच्या अल्बममध्ये, मोबाईलमध्ये, अलीकडच्या सगळ्या फोटोंत तिचा चेहरा थोडा पुसलेलाच. "माझा नको रे काढू," हे त्यातूनच आलेलं. आणि माझ्या डोक्यातली आजी तर लोडशेडिंगमधली, उपड्या वाटीवर चिकटवलेल्या मेणबत्तीच्या उजेडातली. दुसऱ्या कुठल्या उजेडात तिचा फोटो काढायचा नव्हता मला.

फ्लॅशची कमाल ही, की कमी पॉवरवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो. थरथर तिथे थांबते. ज्योत स्वतः इतकी तेजस्वी असते, की १/१२५ लाही छान दिसते, फक्त चेहरा उजळायचं काम ती करत नाही. म्हणून फ्लॅश ज्योतीच्या शेजारीच हवा. काळ्या फॉइलला रुपयाएवढं भोक पाडून ते फ्लॅशवर लावलं, पॉवर १/६४, आणि फ्लॅश पाण्याच्या तांब्याआड लपवला. एकच पथ्य: मेणबत्तीची स्वतःची सावली कशावरही पडता कामा नये. ज्योत काही आपल्याच मेणबत्तीची सावली भिंतीवर पाडत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून बनाव ओळखू येतो.

बनाव म्हणजे फसवणूक का, यावर मित्राशी भरपूर वाद झालाय. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. दिव्याआड धरलेल्या बोटांमधून लालसर उजेड झिरपतो ना, तो कागद आणि जलरंगच आहे. तिथे कुणी विचारत नाही, की दिवा खरा होता का. मी का उत्तर देऊ?

आजीने पंखा बंद असतानाही सवयीने ज्योतीपाशी हात आडवा धरला. तो माझ्या फ्लॅशच्या बरोब्बर मध्ये आला, म्हणून तांब्या चार बोटं सरकवला. बारावा फोटो जमला. तिने चष्मा लावून स्क्रीन डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ बघितलं.

"मान हलत नाहीये की रे माझी."

मग म्हणाली, मोठा करून आण. मॅट पेपरवर काढणार आहे, ग्लॉसीवर सगळी मागची भिंत चमकते.