टाक्यांचा हिशेब

स्कॉटलंडच्या उत्तरेस, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधोमध, फेअर आयल नावाचे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे बेट आहे. १९२२ साली युवराज एडवर्ड यांनी गोल्फ खेळताना तेथील नक्षीचा स्वेटर परिधान केला आणि बेटाचे नाव फॅशनच्या दुनियेत गेले. रंगीबेरंगी दिसणाऱ्या या स्वेटरचे मर्म असे, की एका ओळीत रंग दोनच असतात. काही ओळींनंतर त्यांतला एखादा बदलतो आणि पाहणाऱ्याला अनेक रंगांचा भास होतो. ज्या रंगाची पाळी नसते, त्याचा धागा मागून नेतात. त्यामुळे विण दुहेरी होऊन ऊब वाढते. पण तो धागा ताणला गेला, तर पुढची सारी नक्षी आकसते. जाणकार असा स्वेटर आधी उलटा करून पाहतात, ते उगाच नव्हे.

छापील नमुना जसाच्या तसा विणणे त्या मानाने सोपे. खरा कस लागतो तो आपल्या मापाला बसवताना. समजा, इंचाला ७ टाके बसतात आणि घेर ४० इंच हवा, म्हणजे २८० टाके झाले. नक्षीचे एक आवर्तन २४ टाक्यांचे असेल, तर अकरा आवर्तनांना २६४ टाके लागतात, बारांना २८८. २८० मध्ये नक्षी पुरी बसत नाही. बगलेखाली एखादी आकृती अर्धीच राहते. बँकेच्या हिशेबात सुटे पैसे जवळच्या रुपयात बसवता येतात. सुईवर तशी सवलत नाही.

मग एक तर इंचभर सैल स्वेटर पत्करावा, नाही तर दोन आकृत्यांमध्ये टाके वाढवून आवर्तन २८ चे करावे, म्हणजे दहा आवर्तनांत २८० पुरे होतात. तिसरी वाट अधिक डौलाची. किंचित बारीक सुई घेऊन इंचाला ७.२ टाके आणायचे. २८८ टाके नेमके ४० इंचांत बसतात आणि नक्षीला हात लागत नाही. मात्र ओळीही दाटतात, उंची घटते, आणि गळ्यापाशी नक्षीचा पट्टा मध्येच तुटू नये म्हणून उभा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

शेवटी कात्री. हे स्वेटर गोलाकार विणतात. बाह्यांच्या जागी जादा टाके घालून नंतर विणलेले अंगच उभे कापतात. शेटलंडच्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून टाके सहसा निसटत नाहीत. तरीही घरी बाळाचे टोपडे विणलेल्या कोणाच्याही पोटात तेथे गोळा यावा.

एवढे गणित बोटांवर खेळवणाऱ्या शेटलंडच्या स्त्रियांच्या नावे पेढीवर काय जमा होत असे? रंगीत स्वेटरांची लाट येण्याच्या कितीतरी आधी, १८७२ साली, ब्रिटनमध्ये याविषयीचा सरकारी चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. विणलेल्या शाली आणि मोजे घेऊन आलेल्या स्त्रियांना लर्विकचे व्यापारी सहसा रोख पैसे देत नसत. चहा, कापड असा दुकानातलाच माल देत. घरात गरज पिठाची आणि पदरात पडे चहा. मग तो कोणाला तरी देऊन पीठ मिळवावे लागे. व्यापाऱ्याला शालीवरही नफा आणि चहावरही. बेरीज-वजाबाकीच्या दृष्टीने त्या वह्या बिनचूक असतीलही. पण ज्या खात्यात समोरच्याला रोख मागण्याची सोयच नाही, ते खाते चोख म्हणणे कोणत्याही सचोटीच्या पेढीला जड जावे. अहवालानंतरही ही प्रथा लगेच थांबली नाही.

आज लोकरीच्या गुंड्यावर किंमत छापलेली असते, नमुन्याच्या पुस्तिकेवरही असते. हातविणीचा स्वेटर मागणारे गिऱ्हाईक मात्र त्याचा भाव यंत्रावरच्या स्वेटरशी ताडून पाहते. २८८ टाक्यांची एक ओळ, बगलेपर्यंत अशा १२० ओळी धरल्या, तर टाके होतात ३४,५६०. मिनिटाला २४ टाके पडले, तर नेमके २४ तास. आणि त्यात बाह्या, गळा व मागची धाग्यांची टोके लपवणे अजून धरलेलेच नाही.