दोन मिलिलिटर दूध

साठच्या दशकात गिरगावात वाढलेल्या त्या मुलीसाठी दूध म्हणजे आरेच्या काचेच्या बाटल्या. पहाटे दुधाचं कार्ड आणि धुतलेल्या रिकाम्या बाटल्या घेऊन केंद्रावर रांग लावायची, भरलेल्या बाटल्या सांभाळत चाळीचे जिने चढायचे. गोरेगावची आरे कॉलनी १९४९ मध्ये उभी राहिली. दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ‘टोन्ड’ दूध तयार केलं, आणि ते साध्या कमाईच्या घरांनाही परवडू लागलं. आपल्या पोरांच्या दुधाची काळजी या शहराने अंगावर घेतली होती.

चाळीत त्याहून जुनी व्यवस्थाही होती. पलीकडच्या बिऱ्हाडातली बाळंतीण तापाने फणफणली, तेव्हा समोरच्या काकूंनी आपल्या बाळाला एका बाजूला आणि तिच्या बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. कुणी त्याचा गवगवा केला नाही. मोठा झाल्यावर तो मुलगा त्या काकूंना दूधआई म्हणायचा.

पुढे त्या मुलीचं लग्न झालं, तेही गिरगावातच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिची लेक आठव्या महिन्यात जन्मली. ‘सातवा तगतो, आठवा तगत नाही,’ असं बायका दबक्या आवाजात बोलायच्या. ही समजूत साफ खोटी आहे. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, आतड्यांना, मेंदूला बळ देतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची बाजू सातव्यातल्यापेक्षा भक्कमच असते. पण हे तिला तेव्हा कोण सांगणार? लेक कापसात गुंडाळलेली, उशाशी गरम पाण्याच्या पिशव्या आणि टेबलावर पावडरच्या दुधाचा डबा. त्या काळी अशा डब्यांवर गुटगुटीत बाळं हसत असत. बाळाच्या दुधाच्या जाहिराती आणि डब्यांवरची ती चित्रं बंद झाली ती १९९२ च्या कायद्याने.

लेक तगली. मात्र त्याच शहरात, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस पावडरच्या आणि बाटलीच्या दुधावरची नाजूक बाळं जंतुसंसर्गाने दगावताना पाहत होत्या. त्यांच्या विभागाने आईच्या दुधाचा आग्रह धरला. ज्या बाळांना ते मिळत नव्हतं, त्यांच्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. धारावीसारख्या वस्त्यांतून येणाऱ्या गरीब बायांचं हे रुग्णालय. त्यांच्यातल्याच ज्यांना दूध जास्त येई, त्यांनी ते परक्या बाळांसाठी दिलं. चाळीतल्या काकूंचं काम आता एक संस्था करू लागली.

याची खरी किंमत गिरगावातल्या त्या आईला कळली ती नातीच्या वेळी.

लेकीला कळा सुरू झाल्या सातव्याच महिन्यात. परळकडच्या एका रुग्णालयात सिझेरियन झालं. बाळाचं वजन किलोहून थोडंसं जास्त. वॉर्मरखाली, तारांच्या आणि नळ्यांच्या गर्दीत ती चिमणी निजलेली. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला जमतो; त्याआधी दूध नळीनेच पोटात जातं. पहिल्यांदा गेलं दोन मिलिलिटर. सिरिंज उभी धरून नर्सने ते आपल्या वजनाने सावकाश उतरू दिलं.

ते दूध लेकीचं नव्हतं. तिचं अजून उतरलंच नव्हतं. ते पेढीतून आलेलं, कुणा अनोळखी आईचं. इतक्या कोवळ्या आतड्यांना पावडरचं दूध बाधण्याची भीती मोठी असते. आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याचा जीवघेणा आजार त्यातून जास्त बाळांना होतो. आईच्या दुधाने तो धोका घटतो.

मग सुरू झालं दर दोन-तीन तासांनी दूध काढणं, रात्रीसुद्धा. पहिला चीक वाटीच्या तळाशी जेमतेम थेंबभर. लेक रडायला लागली, तेव्हा नर्स म्हणाली, ‘ताई, हा थेंबच औषध आहे. वाया नाही घालवायचा.’ तो थेंब बाळाच्या गालाच्या आतून फिरवला गेला. लेकीला घरी सोडलं, बाळ तिथेच राहिलं. जावई बर्फाच्या डब्यातून दूध घेऊन सकाळच्या गर्दीत चर्नी रोडला लोकल पकडायचा आणि प्रभादेवीला उतरायचा. बाळाचं वजन आधी उतरलं. नंतर ग्रॅमाग्रॅमाने चढू लागलं, आणि घरातलं सगळं बोलणं त्या ग्रॅमांभोवती फिरू लागलं.

बाळ जरा स्थिरावल्यावर लेकीने त्याला उघड्या छातीशी धरलं. ती थकली की जावयाने. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी ही कांगारू पद्धत सुरू केली. भारतासह पाच देशांतल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले: बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मापासूनच असं धरलं, तर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. त्यासाठी आईची खाट बाळाजवळ हवी. नातीच्या वेळी मात्र आईबाप घड्याळाकडे बघत दाराबाहेर बसत. आई ही भेटीच्या वेळेत येणारी पाहुणी नव्हे, उपचारातला तिचा वाटा डॉक्टरांइतकाच आहे. नवजात अतिदक्षता विभाग बांधताना यंत्रांच्या यादीतच आईच्या खाटेची नोंद व्हायला हवी.

नात घरी आली ती कांद्या-बटाट्याच्या पिशवीहून हलकी. बारसं लांबलं होतं, ते आता झालं. डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाली. वाढ मोजायची ती जन्मतारखेपासून नव्हे, अपेक्षित तारखेपासून, हेही डॉक्टरांनी समजावलं. एव्हाना लेकीचं दूध बाळाला पुरून उरत होतं. तिने पेढीत विचारलं. तिथे आधी एचआयव्ही, कावीळ ‘बी’ आणि सिफिलिससाठी रक्त तपासतात. जमा झालेलं दूध ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून जंतुमुक्त करतात, पुन्हा तपासतात आणि उणे वीस अंशांवर गोठवून ठेवतात.

लेकीचे अहवाल नीट आले. आता चाळीत कुणी बाळंतीण घरी आली की आजी अळिवाची खीर घेऊन जाते, दूध पुरून उरतंय का ते विचारते आणि पेढीत कसं जायचं, रक्त कुठे द्यायचं, हे पायरी-पायरीने सांगते. काही जणी संकोचतात. काही त्याच आठवड्यात जाऊन येतात.